पेन ड्राइव्ह बूटेबल करताना सॉफ्टवेअर भलतंच का विचारतं?

कळफलक

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या जुन्या लॅपटॉपांची माझ्याकडे रांग लागली आहे. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, नंतर टाकलेली एसएसडी, म्हणजे यंत्र ठणठणीत. पण विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे दारातूनच परत. मग लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकू असं ठरतं. गंमत अशी की लिनक्स बसवताना फारसं कुणी अडत नाही, त्याचा इन्स्टॉलर हल्ली बराच शहाणा झालाय. माणसं अडतात ती आधीच्या पायरीवर, पेन ड्राइव्ह बूटेबल, म्हणजे त्यावरून संगणक सुरू होईल असा, तयार करताना. फोनवर माझा बहुतेक वेळ तिथेच जातो.

उदाहरणाला हे काम करणारं रुफस घेतो, कारण माझ्या ओळखीतले बहुतेक जण तेच वापरतात. आधी श्रेय द्यायलाच हवं. पीट बटार्ड यांनी २०११ पासून चालवलेला हा मुक्त प्रकल्प आहे. फाइल जेमतेम दीड-दोन एमबीची, इन्स्टॉल करायची गरज नाही, आणि कामाला चोख. पण खिडकी उघडल्यावर समोर काय येतं? डिव्हाइस, बूट सिलेक्शन, पार्टिशन स्कीम, टार्गेट सिस्टिम, व्हॉल्यूम लेबल, फाइल सिस्टिम, क्लस्टर साइझ. टार्गेट सिस्टिममध्ये तर 'बायोस ऑर यूईएफआय-सीएसएम' किंवा 'यूईएफआय नॉन-सीएसएम' असली अक्षरं. मावशीने फोनवर ते एकेक अक्षर वाचून दाखवलं आणि शेवटी विचारलं, "यातलं माझं कोणतं?"

यातलं बरंचसं सॉफ्टवेअर आयएसओ (डाउनलोड केलेली सिस्टिमची फाइल, तिलाच इमेजही म्हणतात) बघून आपसूक ठरवतं. हात लावायची गरज नसते. पण ते सांगणार कोण? सगळे रकाने एकाच आकाराचे, एकाच वजनाचे. आणि मावशीला ज्या दोनच गोष्टी माहीत असायला हव्यात, म्हणजे यातली नक्की कोणती डिस्क पुसली जाणार आणि काम पूर्ण झालं की नाही, त्या इतर सगळ्याइतक्याच बारीक अक्षरांत.

तुमचे अनुभव लिहा. रुफसच पाहिजे असं नाही, कोणतंही चालेल.

वखारभाग

लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे माझं, सांगलीत. या विषयावर मी रात्रभर बोलू शकतो.

कोणती डिस्क पुसली जाणार, हे कळफलक यांनी बरोबर पकडलंय. आमच्याकडे येणाऱ्या 'डेटा काढून द्या' वाल्या गिऱ्हाइकांत एक ठरलेला प्रकार आहे. घरच्या घरी विंडोज टाकायला गेले, पेन ड्राइव्हऐवजी बाहेरची हार्ड डिस्क पुसली. मागे एका ट्रॅक्टर शोरूमचा मुलगा आला होता. टॅलीचा सगळा बॅकअप १ टीबीच्या डिस्कवर आणि ती डिस्क केबल लावलेलीच होती. कुठलं सॉफ्टवेअर ते लिहीत नाही, पण त्याच्या यादीत दोन ओळी होत्या आणि दोन्हींची सुरुवात 'जेनेरिक यूएसबी' अशी. आकडा शेवटी, तोही रकान्यात मावला नाही म्हणून कापलेला. मुलगा काही बावळट नव्हता. जे दिसलं त्यातलं पहिलं निवडलं.

बरं, पुसून वर नवीन इमेज लिहिलेली. सुरुवातीचे चार-सहा जीबी तर गेलेच, फाइलींची नावं ज्यात असतात तो भागही बरेचदा त्यातच असतो. उरलेल्यातून काही मिळतं, नाव-गाव नसलेलं. टॅलीच्या फाइली अशा मिळून फारसा उपयोग नाही.

म्हणून दुकानातल्या पोरांना नियम: बूटेबल करायच्या आधी बाकी सगळं काढायचं. बाहेरची डिस्क, कार्ड रीडरमधलं कार्ड, चार्जिंगला लावलेला मोबाईलसुद्धा. यादीत एकच नाव उरलं पाहिजे.

काळी_खिडकी

डीडी. लिनक्सची कॉपी करायची आज्ञा, एक ओळ. कसली खिडकी आणि कसले रकाने? आयएफ म्हणजे कुठून, ओएफ म्हणजे कुठे. झालं.

तिरकस_तात्या

काळी_खिडकी, त्याच डीडीला जगभरात लोक 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात ते उगाच नाही. ओएफ पुढे एसडीबी (पेन ड्राइव्ह) लिहायच्या जागी एसडीए (संगणकाची स्वतःची डिस्क) लिहिलं की तुमची एक ओळ खरंच शेवटची ओळ ठरते. आणि विचारणार नाही हो, 'नक्की का?' असं एकदाही विचारणार नाही. हलकेच घ्या.

रेघोट्या

मी इंटरफेस डिझाइनचंच काम करते (बँकांच्या ॲपचं, पण दुखणी तीच), म्हणून थोडं लांब लिहिते.

'नक्की का?' विचारल्याने प्रश्न सुटतो असं वाटत असेल तर तसं नाही. रुफस विचारतं की. स्टार्ट दाबलं की पिवळ्या त्रिकोणासह इशारा येतो, अमुक डिव्हाइसवरची सगळी माहिती नष्ट होईल, पुढे जायचं असेल तर ओके. अडचण अशी की बरोबर डिस्क निवडली तरी हाच इशारा, चुकीची निवडली तरी हाच. दहा वेळा बरोबर असताना ओके दाबलेला हात अकराव्यांदाही ओकेच दाबतो. फरक दिसला पाहिजे तो इशाऱ्यातल्या मजकुरात. 'या डिस्कवर आत्ता ६०० जीबी भरलेले आहेत, त्यात टॅली नावाचं फोल्डर आहे, शेवटची फाइल काल संध्याकाळी लिहिली गेली' असं दाखवलं तर वखारभाग यांच्याकडच्या त्या मुलाचा हात थांबला असता. डिस्कवर काय आहे हे सॉफ्टवेअरला वाचता येतं. मग दाखवायला काय जातं?

दुसरा मार्ग म्हणजे धोक्याची वस्तू यादीतच न आणणं. रुफस बाहेरच्या हार्ड डिस्क मुळात दाखवत नाही, त्यासाठी ॲडव्हान्स्ड भाग उघडून एका चौकोनात टिक करावी लागते. हे त्यांचं फार चांगलं काम आहे आणि त्याबद्दल कुणी त्यांना शाबासकी देत नाही. २०१६ मध्ये आलेल्या एचर या अशाच सॉफ्टवेअरने हेच आणखी पुढे नेलं: तीन पायऱ्या, तीन मोठी बटणं, फाइल निवडा, ड्राइव्ह निवडा, फ्लॅश करा. संगणकाची स्वतःची डिस्क लपवलेली, मोठी डिस्क असेल तर तिच्यावर तशी चिठ्ठी. लिहून झाल्यावर पडताळणीही आपणहून करतं. त्याउलट जुनं यूनेटबूटिन आठवा. तिथे खाली 'टाइप' नावाचा एक रकाना होता, त्यात दोन पर्याय शेजारीशेजारी: यूएसबी ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क. माउसचं चाक चुकून फिरलं तरी बदलेल अशा जागी!

पण एचरच्या साधेपणाचीही किंमत आहे. विंडोजची आयएसओ दिलीत तर ते म्हणतं की ही विंडोजची इमेज दिसते, हिला वेगळी प्रक्रिया लागते, रुफस वगैरे वापरा. प्रामाणिक आहे, पण नवख्या माणसाला वाटतं आपलंच चुकलं. आणि तीन बटणांच्या खिडकीसाठी डाउनलोड शंभर एमबीच्या वर, कारण आत अख्खा ब्राउझर बसवलाय.

कळफलक

रेघोट्या, 'डिस्कवर काय आहे ते दाखवा' हा मुद्दा फारच आवडला.

एचरबद्दल एक भर. टेल्सवाल्यांनी २०२४ मध्ये विंडोजसाठी एचरची शिफारस काढून रुफसची सुरू केली. कारण एचर इमेजच्या फाइलचं नाव आणि पेन ड्राइव्हचं मॉडेल आपल्या कंपनीला कळवू लागलं होतं. टेल्स म्हणजे ज्यांना माग ठेवायचा नसतो अशांची सिस्टिम, त्यांना हे चालणं शक्यच नव्हतं. सेटिंग्जमध्ये बंद करायची टिक आहे, पण तीन मोठी बटणं दिसत असताना कोपऱ्यातल्या सेटिंग्ज कोण उघडतंय?

शाळेची_घंटा

मी लांज्याजवळच्या शाळेत शिकवते. शाळेच्या संगणकांवर लिनक्स टाकायचंय म्हणून हा धागा अगदी वेळेवर सापडला. वाचनखूण साठवली.

रुफसमध्ये उबुंटूची आयएसओ घेतली, स्टार्ट दाबलं, तर एक चौकट आली. आयसोहायब्रिड इमेज सापडली आहे म्हणे, आयएसओ इमेज मोडमध्ये लिहू की डीडी इमेज मोडमध्ये? पहिल्यापुढे 'शिफारस' लिहिलंय. शिफारसच आहे तर मग मला विचारताय कशाला? चौकट तशीच ठेवून इथे विचारतेय. 🙂

काळी_खिडकी

ताई, शिफारस आहे तेच घ्या आणि ओके करा. मग निवांत वाचा.

सीडीच्या काळात आयएसओ थेट सीडीवर उतरायची. पेन ड्राइव्हवरून ती चालू होत नसे, कारण तिथे बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या मुळातल्या प्रोग्रामला) डिस्कच्या सुरुवातीला वेगळी रचना लागते. २००८ च्या सुमारास सिसलिनक्स या बूट करणाऱ्या प्रोग्रामवाल्यांनी अशी युक्ती काढली की एकच फाइल सीडीवरही चालावी आणि जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर ओतली तरीही चालावी. तिचं नाव आयसोहायब्रिड. आता बहुतेक लिनक्स अशाच येतात. डीडी मोड म्हणजे पूर्ण वहीची झेरॉक्स, पानांचे डाग आणि आकडे यांसकट. आयएसओ मोड म्हणजे मजकूर वाचून नव्या वहीत उतरवणं. आयएसओ मोडात फायदा असा की पेन ड्राइव्ह नंतरही विंडोजला नीट दिसतो, उरलेल्या जागेत फाइली ठेवता येतात. डीडी मोडात फायदा असा की इमेज बनवणाऱ्याने जे दिलं तेच बिनचूक उतरतं. आयएसओ मोडने सुरू झाला नाही तर डीडीने पुन्हा करा, इतकंच.

रेघोट्या

आणि ताईंचा प्रश्न 'मला विचारताय कशाला' हा शंभर टक्के बरोबर आहे. ही चौकट स्टार्ट दाबल्यानंतर येते, हे त्याहून वाईट. माणसाने मनाची तयारी करून बटण दाबलेलं असतं, आणि तिथे त्याला असा प्रश्न टाकला जातो ज्याचं उत्तर पहिला प्रयत्न फसल्याशिवाय त्याला कळणारच नाही. तो प्रश्न फसल्यावर विचारा ना.

विंडोज ११ ची इमेज घेतली तरी तसंच. स्टार्टनंतर वेगळी चौकट: टीपीएमची अट काढू का, मायक्रोसॉफ्ट खात्याची सक्ती काढू का, असं बरंच. सोयी कामाच्या आहेत, पण पडद्यावर आधी त्यांचा मागमूस नसतो. हे पर्याय कुठे मिळतील म्हणून लोक मुख्य खिडकी धुंडाळत बसतात.

वखारभाग

ती टीपीएमची टिक आमच्या धंद्याचा मोठा आधार आहे हो, तिला नावं ठेवू नका. गिऱ्हाइकाला विंडोज ११ च पाहिजे असतं, लिनक्स म्हटलं की तोंड वाकडं करतात. अर्थात अशा मशीनला पुढे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, ते आम्ही बिलावरच लिहून देतो.

तिरकस_तात्या

अधिकृत साधनाबद्दल कुणी कसं बोललं नाही? मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल. तिथे रकाने नाहीत, पार्टिशन स्कीममधलं एमबीआर नाही, जीपीटी नाही, काही म्हणता काही नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा ते टूल बिघडलं की एक चौकट यायची. शीर्षक: 'समथिंग हॅपन्ड'. खाली तपशील: 'समथिंग हॅपन्ड'. काहीतरी झालं. काय झालं? काहीतरी झालं. बटण एकच, क्लोज. कळफलक, तुम्हाला कमी प्रश्न विचारणारं सॉफ्टवेअर हवं होतं ना? घ्या.

कळफलक

😂 तात्या, दंडवत.

पण खरंच, हे दुसरं टोक आहे. एकीकडे सगळे प्रश्न, दुसरीकडे एकही उत्तर नाही. मला कमी प्रश्न नकोत, योग्य प्रश्न हवेत. 'हा पेन ड्राइव्ह कोणत्या संगणकासाठी आहे: याच, की दुसऱ्या? दुसरा असेल तर साधारण कोणत्या सालचा?' असं विचारलं तर मावशी उत्तर देईल. त्यावरून जीपीटी की एमबीआर ते सॉफ्टवेअरने ठरवावं.

शाळेची_घंटा

शिफारस घेतली. हिरवी पट्टी भरत भरत आता पूर्ण झालीय आणि तिच्यावर 'रेडी' लिहिलंय. पण सुरू करायच्या आधीही 'रेडी'च लिहिलं होतं! झालं का हे? काढू का?

काळी_खिडकी

झालं ताई. पट्टी पूर्ण हिरवी आणि वर रेडी म्हणजे संपलं. पट्टी रिकामी आणि वर रेडी म्हणजे सुरू व्हायचंय. क्लोज दाबा, टास्कबारवरून इजेक्ट करा, मग काढा.

रेघोट्या

हे बघा, धाग्यातच जिवंत उदाहरण. 'मी तयार आहे' आणि 'तुमचं काम झालं' या दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच शब्द. रुफसच्या कित्येक आवृत्त्यांत हे असंच चालत आलंय. बनवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर चूक नाही, प्रोग्राम खरोखरच पुढच्या कामाला तयार झालेला असतो. पण पेन ड्राइव्ह हातात धरून बसलेल्या माणसाला प्रोग्रामच्या मनःस्थितीशी काय देणंघेणं?

काळी_खिडकी

प्रगतीपट्टीबद्दल मीही बोलतो, आणि डीडीचीच तक्रार करतो. म्हणजे तात्यांना बरं वाटेल.

डीडी कित्येक वर्षं काम करताना एक अक्षर बोलत नसे. कर्सर लुकलुकत राहायचा. चालू आहे की अडकलंय ते कळायला दुसऱ्या खिडकीतून सिग्नल पाठवायला लागायचा. 'स्टेटस इक्वल टू प्रोग्रेस' ही सोय कोअरयुटिल्सच्या (डीडी ज्या संचात येतं त्याच्या) ८.२४ आवृत्तीत, २०१५ साली आली. पण ती आल्यावर नवीनच घोटाळा. लिनक्स आधी सगळं रॅममध्ये घेतं आणि मग सवडीने पेन ड्राइव्हवर उतरवतं. रॅम भरपूर असेल तर सुरुवातीला वेग दिसतो सेकंदाला एक जीबी. माणूस खूश. मग शेवटी आकडा थांबतो आणि प्रॉम्प्ट (पुढची आज्ञा घ्यायची खूण) काही परत येत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे प्रॉम्प्ट परत येतो आणि डेटा अजून रॅममध्येच. माणूस ड्राइव्ह उपटतो, आणि बूट करताना अर्धवट इमेज. लोक म्हणतात आयएसओ खराब होती.

उपाय: ओळीच्या शेवटी 'कॉन्व्ह इक्वल टू एफसिंक' टाका, मग सगळं उतरल्याशिवाय प्रॉम्प्ट येत नाही. किंवा 'ओफ्लॅग इक्वल टू डायरेक्ट', म्हणजे रॅमचा वळसाच नाही आणि वेगाचा आकडा खरा दिसतो. उबुंटूची आयएसओ आता सुमारे ६ जीबीची आहे. साधा पेन ड्राइव्ह सेकंदाला ८ एमबीने लिहितो असं धरलं तर साडेबारा मिनिटं लागणारच. दोन मिनिटांत 'झालं' दिसलं तर ते खोटं आहे समजा. फाइल मॅनेजरच्या पट्टीलाही हाच रोग आहे, पेन ड्राइव्हवर सिनेमा कॉपी करताना शंभर टक्क्यांवर अडकते ती याचमुळे.

वखारभाग

साडेबारा मिनिटं म्हणजे चांगला पेन ड्राइव्ह हो. फुटपाथवरचा ६४ जीबी लिहिलेला घेतलात तर आत खरे ८ जीबी असतात, तो लिहितो सगळं आणि ठेवत काहीच नाही. म्हणून पडताळणी करणारं सॉफ्टवेअर मला आवडतं. एचर करतं, फेडोरा मीडिया रायटर करतं. पोरं मात्र स्किप दाबतात.

एकच_पेनड्राइव्ह

एवढी चर्चा झाली आणि व्हेंटॉयचं नाव कुणीच घेतलं नाही?! २०२० पासून मी दुसरं काही वापरत नाही. पेन ड्राइव्ह एकदाच तयार करायचा, मग आयएसओ नुसत्या कॉपी-पेस्ट. मिंट, उबुंटू, विंडोज १०, ११, मेमरी तपासायचं साधन, सगळं एकात. बूट केलं की यादी येते, हवं ते निवडा. रकानेच नाहीत तर चुकणार कुठे.

रेघोट्या

कल्पना म्हणून उत्तमच आहे. लिहिणं-बिहिणं प्रकारच काढून टाकला आणि माणसाला रोज येणारं काम दिलं, फाइल कॉपी करणं. पण खिडकी बघा हो. खाली दोन मोठी बटणं शेजारीशेजारी: इन्स्टॉल आणि अपडेट. अपडेट दाबलं तर आयएसओ सगळ्या शाबूत राहतात. इन्स्टॉल दाबलं तर ड्राइव्ह कोरा. दोन्ही बटणं सारख्याच रंगाची, सारख्याच आकाराची. इन्स्टॉल दोनदा खात्री करून घेतं हे खरं, पण ड्राइव्हवर आधीच व्हेंटॉय आहे हे त्याला दिसतंय (आवृत्तीचा आकडा तिथेच छापलेला असतो), तर इन्स्टॉल मागे लपवून अपडेट पुढे का नाही आणत?

वखारभाग

आणि सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) चालू असलेल्या लॅपटॉपवर पहिल्यांदा लावला की निळा पडदा येतो, व्हेरिफिकेशन फेल्ड. गिऱ्हाईक समोर उभं असलं की त्याला वाटतं याने मशीन घालवलं. तिथे एन्रोल की मध्ये जाऊन एक फाइल निवडायची असते. त्या फाइलचं नावच 'एन्रोल धिस की इन एमओके मॅनेजर' असं ठेवलंय. सूचना द्यायला दुसरी जागाच नाही म्हणून फाइलच्या नावात सूचना! मला हे भारी वाटतं खरंतर. जिथे माणूस अडणार तिथेच उत्तर ठेवलंय.

रेघोट्या

खरंच भारी आहे. याच्या अगदी उलट उदाहरण रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठीच्या इमेजरचं. वायफायचा पासवर्ड, एसएसएच (दुरून जोडायची सोय) वगैरे आधीच भरून ठेवायची सोय त्यांनी २०२१ मध्ये आणली, आणि ती उघडायची कशी? कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स एकत्र दाबून. पडद्यावर कसलीही खूण नाही. ज्यांनी त्यांचा ब्लॉग वाचला त्यांनाच माहीत. पुढे गियरचं बटण आलं. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी सुरक्षेसाठी 'पाय' हे ठरलेलं खातंच काढून टाकलं, त्यामुळे पडदा न जोडता पाय चालवणाऱ्यांना या सेटिंग्जशिवाय गत्यंतर राहिलं नाही. आणि शेवटी कुठे ते लिहिण्याआधी सरळ विचारू लागलं, सेटिंग्ज लावायच्या आहेत का म्हणून. पायरी पायरीने दुरुस्त होत गेलेला इंटरफेस बघायचा असेल तर हा चांगला नमुना.

निवृत्त_टपालबाबू

मोबाईलवरून टंकतोय, चुभूद्याघ्या.

मुलाने दिलेल्या ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स केलं, मशीनवर टाकलं, उत्तम चाललंय. आता तोच पेन ड्राइव्ह विंडोजच्या मशीनला लावला की म्हणतो फॉरमॅट करा, वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल. शिवाय एक छोटा ड्राइव्ह वेगळाच दिसतो, काही एमबीचा. बाकीचे ३२ जीबी गेले कुठे? ड्राइव्ह जळला का?

काळी_खिडकी

काका, काही जळलेलं नाही. डीडी पद्धतीने लिहिलंय. ड्राइव्हवर लिनक्सची रचना आहे, ती विंडोजला वाचता येत नाही म्हणून ते फॉरमॅट म्हणतंय. जो छोटा दिसतोय तो बूटसाठीचा भाग.

परत कोरा करायला विंडोजची डिस्कपार्ट ही आज्ञा. लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क अमुक, क्लीन, मग नवीन पार्टिशन.

वखारभाग

थांबा थांबा! काकांना डिस्कपार्ट सांगू नका.

काका, डिस्कपार्टमधल्या लिस्ट डिस्कमध्ये फक्त डिस्क ०, डिस्क १ असे नंबर आणि आकार दिसतात. कंपनीचं नावही नाही. ते बघायला डिटेल डिस्क ही वेगळी आज्ञा द्यावी लागते, ती कुणी देत नाही. आणि क्लीन लिहून एंटर मारलं की एकदाही न विचारता साफ. दुकानात मला रुफसपेक्षा डिस्कपार्टचीच जास्त भीती वाटते.

तुम्ही असं करा. रुफस उघडा, बूट सिलेक्शनमध्ये 'नॉन बूटेबल' निवडा, फाइल सिस्टिम एक्सफॅट, स्टार्ट. पूर्ण ३२ चा ड्राइव्ह परत. म्हणजे दिसायला २९ च्या आसपास दिसेल, त्याने घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

कळफलक

फेडोरा मीडिया रायटरमध्ये ही सोय थेट दिलीय. आपण त्याच्याकडून लिहून घेतलेला ड्राइव्ह पुन्हा लावला की तो ओळखतो आणि 'रिस्टोअर करू का' असं विचारतो. काम झाल्यावर माणसाला पेन ड्राइव्ह परत लागणार, हे बनवणाऱ्यांपैकी कुणालातरी सुचलं. बाकीच्यांच्या लेखी बूट झालं की विषय संपला.

निवृत्त_टपालबाबू

जमलं. २८.८ दिसतंय. वखारभाग, सांगलीला आलो की चहा माझ्याकडून.

शाळेची_घंटा

आणखी एक त्रास देते. शाळेतल्या एका लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावून एफ१२ दाबलं तर यादीत तो दोनदा आलाय. एका ओळीत नुसतं कंपनीचं नाव, दुसरीत आधी 'यूईएफआय' आणि मग तेच नाव. पेन ड्राइव्ह एकच लावलाय, शप्पथ.

वखारभाग

ताई, एकच आहे. तो जुन्या (लेगसी) आणि नव्या (यूईएफआय) अशा दोन दारांनी आत येऊ शकतो म्हणून मशीन दोन्ही दाखवतंय. कळफलक यांच्या मावशीला नको असलेला टार्गेट सिस्टिमचा प्रश्न तो हाच, सॉफ्टवेअरने टाळला की इथे येऊन उभा राहतो.

त्या लॅपटॉपवर आधीचं विंडोज ठेवणार असाल तर ते ज्या पद्धतीने बसलंय तीच घ्या. विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, त्यात बायोस मोड अशी ओळ असते. तिथे यूईएफआय असेल तर यूईएफआयवाली ओळ, लेगसी असेल तर नुसत्या नावाची. विंडोज पुसूनच टाकणार असाल तर सरळ यूईएफआयवाली घ्या. मिसळलंत तर लिनक्स बसेल, पण सुरू होताना निवडीच्या यादीत विंडोज दिसणार नाही, आणि मुख्याध्यापक तुम्हाला विचारतील.

शाळेची_घंटा

लेगसी आहे. विंडोज ठेवायचंय, शालार्थचं (पगारबिलांचं) काम त्यावरच करतो आम्ही. नुसत्या नावाची ओळ घेतली, सुरू झालं. उरलेल्यांना उद्या दुपारच्या सुट्टीत हात घालते.